आठ किलोवॅटचा आरसा

रविवारी सकाळी सव्वादहा वाजता सरांनी एक छोटासा निर्णय घेतला. मेव्हण्याला फोन करायचा नाही.

तसा फोन बायकोच्या हातात होता, नंबरही काढून झाला होता, फक्त पलीकडे घंटी वाजायची राहिली होती. सरांनी तो तिच्या हातून अलगद काढून घेतला आणि शिलाई मशीनवर पालथा घातला.

"अगं, एवढ्याशा गोष्टीला त्याला कशाला बोलवायचं? घरात विज्ञानाचा शिक्षक आहे."

"तीच तर काळजी आहे," बायको म्हणाली.

सरांनी यातला फक्त 'काळजी' हा शब्द ऐकला आणि ते विरघळले. तेवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्यावर माणसाला टोमणा कळेनासा होतो. समोर बसलेल्या मुलांनी आपलं ऐकलं की नाही हे तपासायची सवयच राहिलेली नसते. शाळेत त्यांना सर म्हणत, जिन्यात सर म्हणत, आणि घरातही बायको त्यांना सरच म्हणे. फक्त घरातलं 'सर' जरा वेगळ्या चालीत म्हटलं जाई. (ही चालही सरांच्या कानावर कधी पडली नव्हती.)

एवढीशी गोष्ट अशी होती. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात, बाहेरच्या खोलीत बायकोचं शिवणकाम चाले. आजवर शेजारपाजारचे पडदे, उशांचे अभ्रे, कुणाच्या पोट सुटलेल्या नवऱ्याच्या पँटी, एवढ्यावर तिनं भागवलं होतं. यंदा पहिल्यांदाच मोठं काम आलं होतं. लहान मुलांचा नाचाचा क्लास चालवणाऱ्या मॅडमनी तिला बत्तीस पेंग्विन शिवायला दिले होते. काळं अंग, पांढरं पोट, दोन पंख, पाठीला तीन-तीन बटणं आणि टोपीला पिवळी चोच. संध्याकाळी पाच वाजता मॅडम स्वतः न्यायला येणार होत्या. वेळेत मिळाले तर वर्षभराचे सगळे पोशाख तुमच्याकडे, नाहीतर दुसरं कोणीतरी बघते, असं त्यांनी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं.

बायको पंधरा दिवस या पेंग्विनांत बुडाली होती. आता चोची, बटणं आणि एका शेवटच्या पेंग्विनाचे पंख तेवढे राहिले होते. चोचीच्या कापडाला आतून बक्रमचं ताठ कापड चिकटवायचं असतं आणि ते गरम इस्त्रीनं दाबल्याशिवाय चिकटत नाही. बक्रम नसलं की चोच लोंबते, आणि पेंग्विन नाचायला आलाय की दवाखान्यात आलाय हे कळत नाही. गोम अशी की आज सकाळपासून इस्त्री लावली की सात-आठ मिनिटांत दाराजवळच्या डब्यातला विजेचा खटका 'टक्' करून खाली पडत होता आणि बाहेरची खोली बंद पडत होती. खटका वर केला की पुन्हा सात-आठ मिनिटं. तोवर इस्त्री नुकतीच तापलेली असे.

बायकोचा धाकटा भाऊ इलेक्ट्रिशियन होता. चार गल्ल्या पलीकडे त्याचं दुकान होतं आणि दिवसभर त्याला गावभरातून बोलावणी येत. फक्त याच घरातून येत नसत. कारण हा मेव्हणा पूर्वी सरांचा विद्यार्थी होता आणि सरांनी त्याला विज्ञानात नापास केलं होतं. नंतर त्याच्या बहिणीशी लग्न ठरलं तेव्हाही सरांनी गुण वाढवले नाहीत, याचा त्यांना आजही अभिमान होता.

"ज्याला ओहमचा नियम धड लिहिता आला नाही," सर म्हणाले, "त्याला मी माझ्या घरातल्या तारांना हात लावू देणार नाही. मी शोधतो कारण. आकडेमोडीनं."

"सर, पाच वाजता मॅडम येणार आहेत."

"अकरापर्यंत उत्तर काढतो."

त्यांनी कपाटातून वीज मोजायचा मल्टिमीटर काढला. तो शाळेच्या प्रयोगशाळेचा होता आणि गेली चार वर्षं 'तपासणीसाठी' सरांच्या घरी होता. दहावीतल्या लेकीला त्यांनी वही घेऊन बोलावलं. ती खरं तर बटणं लावायला बसली होती. पण शिक्षकाच्या घरी जन्मलेल्या पोरीला वही घेऊन ये म्हटल्यावर यावंच लागतं.

"हे बघ," सर बायकोलाही ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "प्रत्येक वस्तू विजेला थोडाफार अडथळा करते. त्याला म्हणायचं रोध. व्होल्टेजला करंटनं भागलं की रोध येतो. आणि व्होल्टेजच्या वर्गाला रोधानं भागलं की ती वस्तू किती वॅट खाते ते येतं. म्हणजे घरातल्या प्रत्येक वस्तूचा रोध मोजला की कोण जास्त खातंय ते कागदावर सापडतं. सोपं आहे की नाही?"

बायकोच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे ती काही बोलली नाही. सरांना वाटलं, लक्ष देऊन ऐकते आहे.

पहिली पाळी इस्त्रीची. सरांनी तिची पिन मीटरच्या दोन टोकांना लावली. त्रेपन्न ओहम. दोनशे तीसचा वर्ग भागिले त्रेपन्न. लेकीनं भागाकार केला.

"नऊशे अठ्ठ्याण्णव."

"आणि इस्त्रीवर काय लिहिलंय?"

"एक हजार वॅट."

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बायकोकडे पाहिलं. तिनं पाहिलं नाही. मग त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती मुलगी चांगल्या मनाची होती, तिनं मान डोलावली. आता खरं म्हणजे इथेच थांबून सरांनी मेव्हण्याला फोन केला असता तरी त्यांची अब्रू शाबूत राहिली असती. पण पहिलं उत्तर बरोबर आलेला माणूस थांबत नाही.

त्यांनी शिलाई मशीनची मोटर मोजली, पंखा मोजला, आणि मग ते आरशाकडे वळले. गिऱ्हाइकाला कपडा घालून पाहता यावा म्हणून बायकोनं भिंतीला उंच आरसा लावला होता आणि त्याच्या कडेनं सहा जुन्या पद्धतीचे, तारेचे पिवळे बल्ब. नव्या पांढऱ्या दिव्यात काळ्या कापडावर काळा टाका दिसत नाही, असं तिचं म्हणणं होतं. म्हणून तिनं मशीनही आरशाशेजारीच मांडलं होतं. सरांनी एक बल्ब काढला, गार होऊ दिला, (इथे काटेकोरपणा नडला, पण ते पुढे) आणि मोजला.

"चाळीस ओहम. कर भागाकार."

लेकीनं केला. मग पुन्हा केला.

"बाबा, एक हजार तीनशे बावीस येतंय."

"तेराशे वॅट! एका बल्बला! अगं, इस्त्रीपेक्षा जास्त!"

"पण बाबा, बल्बवर शंभर लिहिलंय."

"कंपन्या काय वाट्टेल ते लिहितात."

"इस्त्रीवर लिहिलेलं बरोबर निघालं की."

"ती कंपनी प्रामाणिक आहे."

"दोन्ही एकाच कंपनीचे आहेत, बाबा."

"तू भागाकार कर, भाष्य करू नकोस. सहा बल्बांचे किती?"

"सात हजार नऊशे बत्तीस."

"आठ किलोवॅट!" सर आरशासमोर उभे राहून म्हणाले. आरशातल्या सरांनाही ते पटलेलं दिसलं. "नाव इस्त्रीचं होतंय आणि खाणारा हा बसलाय भिंतीवर! अगं ऐकलंस का, तुझा हा आरसा आठ किलोवॅटचा आहे. एवढ्या विजेवर पिठाची गिरणी चालेल."

आठ किलोवॅट खरंच त्या भिंतीवर जळत असते तर भिंतीचा रंग कधीच गळून पडला असता आणि समोर उभा राहणारा माणूस भाजून निघाला असता. पण कागदावर आलेलं उत्तर आणि समोरची भिंत यांत मेळ नसेल तर सर नेहमी कागदावर विश्वास ठेवत. शाळेत याच गुणावर त्यांना दोनदा आदर्श शिक्षक म्हणून गौरवलं होतं.

त्यांनी सहाही बल्ब काढून टोपलीत भरले. खोलीत अंधार झाला नाही, पण काळ्या कापडापुरता झाला. टोपलीकडे बघत बायको म्हणाली, "सर, मला टाका दिसत नाहीये."

"सवय होईल. शास्त्रासाठी थोडं सोसावं लागतं."

त्या शेवटच्या पेंग्विनाचे पंख आणि एक शिवण बाकी होती, तेवढं तिनं डोळे ताणून मशीनवर ओढलं, मग इस्त्री लावली. सर घड्याळ धरून उभे राहिले. पाच मिनिटं, सहा मिनिटं, सात मिनिटं. सरांच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं आणि त्याच वेळी खटका 'टक्' करून पडला.

त्याच मिनिटाला लेकीनं तो नवा पेंग्विन खिडकीच्या उजेडात धरला. दोन्ही पंख उलटे लागले होते. तो पेंग्विन हात वर करून शरण आल्यासारखा दिसत होता.

बायकोनं तो पेंग्विन मांडीवर घेतला आणि टाके उसवायला घेतले. साडेबारा वाजले होते, सव्वादोन तासांत चार चोची झाल्या होत्या, आणि पंधरा दिवसांचं काम नवऱ्याच्या आकडेमोडीत वाया जाणार हे तिला दिसत होतं. तिला रडू येत होतं आणि रडायलाही वेळ नव्हता.

सरांनाही आता आतून धसका बसला होता. पण धसका बसला की शिक्षक मोठ्यानं बोलतो.

"रोध मोजून उपयोग नाही! प्रत्यक्ष करंटच मोजायला हवा!"

यासाठी त्यांनी एक्स्टेन्शन बोर्डाची एक तार मधोमध तोडली आणि तिच्या दोन टोकांमध्ये मल्टिमीटर जोडला. मीटरची लाल वायर करंट मोजायच्या भोकात घातली. ही जोडणी त्यांनी अगदी बिनचूक केली. करंट मोजायचा तर मीटर वाटेतच बसवायचा, आणि व्होल्टेज मोजायचं तर बाहेरून दोन टोकांना लावायचा, हे ते दरवर्षी मुलांकडून दहा-दहा वेळा लिहून घेत. खटका वर केला, इस्त्री लावली, आकडा आला. चार पूर्णांक तीन.

"दोनशे तीस भागिले चार पूर्णांक तीन?"

"साडेत्रेपन्न," लेक म्हणाली.

"बघ! रोध तोच! आणि गुणाकार?"

"नऊशे एकोणनव्वद वॅट. पण बाबा, हे आपल्याला अकरा वाजताच कळलं होतं."

"आता सिद्ध झालं."

"पण मग खटका का पडतो?"

हा प्रश्न वर्गात आला असता तर सरांनी 'पुढच्या वर्षी येईल' म्हणून सोडवला असता. इथे त्यांनी वहीतले आकडे पुन्हा वाचले. मग त्यांचे डोळे चमकले.

"आपण व्होल्टेज दोनशे तीस धरलं! ते दोनशे तीसच आहे कशावरून? जास्त येत असेल तर?"

त्यांनी इस्त्री काढली, मीटर तारेतून सोडवला, त्याची कळ व्होल्टेजवर फिरवली आणि दोन्ही टोकं थेट भिंतीतल्या सॉकेटात खुपसली. लाल वायर अजून करंटच्याच भोकात होती. मुलांनी असं केलं की सर त्यांना बाकावर उभं करत.

मोठा आवाज झाला. निळा लखलखाट झाला. मीटर सरांच्या हातून उडून पेंग्विनांच्या ढिगाशेजारी पडला आणि तिथून धूर काढू लागला. लेकीनं त्यावर पाण्याचा तांब्या ओतला. बाहेरची खोली गेली, आतली गेली, फ्रिज गप्प झाला. सर जागच्या जागी दोन्ही हात वर करून उभे होते, त्या उलट्या पंखांच्या पेंग्विनासारखेच.

"लागलं का कुठे?" बायकोनं धावत येऊन त्यांचे हात उलटसुलट करून पाहिले. बोटं काळी झाली होती, बाकी ठीक होतं. ते ठीक आहे हे कळल्यावर तिनं मशीनवरचा फोन उचलला, सरांच्या डोळ्यांत बघत नंबर लावला आणि एवढंच म्हणाली, "ये रे लवकर. हो, तेच. हो, मोजत होते."

सरांनी अडवलं नाही.

मेव्हणा पंधरा मिनिटांत आला. चपला बाहेर काढून, खांद्यावरची पिशवी खाली ठेवून, भिंतीला चिकटून उभा राहिला. बहिणीच्या लग्नाला सोळा वर्षं झाली होती, पण सरांसमोर आला की तो अजून वर्गाबाहेर काढल्यासारखाच उभा राही. भाऊजी म्हणायला त्याची जीभ वळली नव्हती.

"काय झालं, सर?"

सरांनी सांगितलं. इस्त्रीचे त्रेपन्न ओहम, बल्बचे चाळीस, आरशाचे आठ किलोवॅट, सगळं. शेवटच्या स्फोटाचा भाग त्यांनी 'मग थोडा अडथळा आला' असा सांगितला.

"बल्ब गार असताना मोजलात का, सर?" मेव्हण्यानं विचारलं.

"म्हणजे काय? गरम कसा मोजणार? हात भाजेल."

"गार बल्बचा रोध कमीच येतो. पेटून लाल झाला की तोच बारा-तेरापट होतो. म्हणून शंभराचा तेराशे दिसला." मग तो जरा घुटमळला. "प्रॅक्टिकलच्या परीक्षेला मी हेच लिहिलं होतं, सर. बंद बल्बचा वेगळा, चालू बल्बचा वेगळा. तुम्ही कापलं होतं. वर लाल शाईनं लिहिलं होतं, उत्तर एकच असते."

बायको उसवायची थांबली. लेकीनं वही हळूच मिटली.

"ते अभ्यासक्रमात नव्हतं," सर म्हणाले.

"नव्हतं, सर."

"किती गुणांनी गेलास?"

"तीन."

"आणि तो प्रश्न किती गुणांचा होता?"

"पाच."

सर खुर्चीत बसले. त्यांना लाज वाटली. ती इतकी अनोळखी होती की आधी त्यांना वाटलं, मघाच्या विजेचाच काहीतरी परिणाम असावा.

मेव्हणा मात्र तोवर कामाला लागला होता. तो खाली जाऊन इमारतीच्या वीजमीटरांच्या खोलीतला उडालेला फ्यूज बदलून आला. मग दाराजवळचा डबा उघडून त्यानं पडणाऱ्या खटक्याजवळ नाक नेलं आणि वास घेतला. पेचकस लावला. अर्धा फेरा फिरवला.

"झालं."

"काय झालं?" सर उठून उभे राहिले.

"तारेचा स्क्रू ढिला होता. तिथे तार नीट टेकत नव्हती, मग इस्त्री चालू झाली की ती जागा तापायची. खटका तापला की पडणारच."

"म्हणजे रोध तिथे होता!"

"हो, सर. तिथला मोजलात का?"

खोलीतलं एकूण एक उपकरण मोजून झालं होतं. सरांनी वही उघडून पाहिलीसुद्धा.

"नवीन डबा आहे, स्क्रू आपोआप ढिला व्हायचा नाही," मेव्हणा म्हणाला. "कुणी उघडला होता का?"

"गेल्या महिन्यात सुट्टी होती," बायको म्हणाली, "तेव्हा यांनी मेन स्विच बंद करून आतली धूळ काढली होती. टूथब्रशनं."

मेव्हण्यानं डबा बंद केला. तो मुळातच सज्जन होता. त्यानं टोपलीतले सहा बल्ब एक एक करून आरशाला लावले आणि दिवे लागले. भिंतीचा रंग जागच्या जागी राहिला.

पण घड्याळात पावणेदोन झाले होते. अठ्ठावीस चोची आणि ऐंशी बटणं बाकी होती. बायकोनं इस्त्री हातात घेतली ती खाली ठेवलीच नाही. लेक चोची कापून देऊ लागली. मेव्हण्यानं दुकानात फोन करून आज येत नाही म्हणून सांगितलं आणि मांडी ठोकून सुई ओवली. लहानपणी बहिणीनं त्याला हेही शिकवलं होतं.

"सर, तुम्हाला बटण लावता येतं?"

"तत्त्व माहीत आहे," सर म्हणाले.

सरांनी पहिलं बटण इतकं घट्ट लावलं की पेंग्विन त्यांच्या लेंग्यालाच शिवला गेला. ते उठले तेव्हा तोही उठला. मेव्हण्यानं मुकाट्यानं दोरा कापला आणि त्यांचा हात धरून दाखवलं. आधी गाठ, मग खालून वर, मग चार वेढे, घाई नाही. दुसरं बटण वाकडं आलं. तिसरं त्यानं उसवायला लावलं. चौथ्याला तो म्हणाला, "जमलं, सर." आणि सरांना तेवीस वर्षांत पहिल्यांदा कळलं की हे एवढं ऐकायला समोरची मुलं किती वाट बघत असतील. त्यानंतर ते काहीच बोलले नाहीत. चष्मा नाकावर ओढून, पाय पसरून, एकामागून एक पाठी शिवत राहिले.

पाच वाजता दारावरची घंटा वाजली तेव्हा एकतीस पेंग्विन दोरीवर ओळीनं टांगलेले होते, चोची ताठ, पोटं पांढरीशुभ्र. बत्तिसावा सरांच्या मांडीवर होता. नाचाच्या मॅडम आत आल्या, ओळीवरून एकदा इकडून तिकडे फिरल्या, एक चोच बोटानं वाकवून पाहिली, एक बटण ओढून पाहिलं.

"सुंदर," मॅडम म्हणाल्या. "आणि बटणं तर फारच पक्की. नाहीतर दर वेळी स्टेजवर निम्मी गळतात. कोण लावतं?"

बायकोनं जमिनीवर बसलेल्या सरांकडे बोट दाखवलं. लेंग्यावर दोऱ्याचे तुकडे, बोटं काळी, नाकावर चष्मा.

"हे काका होय? छान हात आहे त्यांचा. आणि तोंडातून एक शब्द नाही. आजकाल असा गप्प राहून काम करणारा माणूस मिळत नाही हो. सोडू नका यांना."

लेकीनं तोंडात रुमाल कोंबला. मेव्हणा एकदम पिशवीत काहीतरी शोधू लागला.

"पुढच्या महिन्यात चाळीस मासे आहेत," मॅडम म्हणाल्या. "त्यानंतरचंही सगळं तुमच्याकडेच देते. फक्त बटणं याच काकांच्या हातची हवीत."

बायकोनं सरांकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा ती हसली, आणि चांगली मनापासून हसली.

"त्यांच्याच हातची मिळतील," ती म्हणाली. "रविवारी मोकळेच असतात ते."

सरांनी तोंड उघडलं. आपण तेवीस वर्षं विज्ञान शिकवतो, दोनदा आदर्श शिक्षक झालो आहोत, आणि हे घर आपलं आहे, असं सगळं त्यांना एका दमात सांगायचं होतं. बायको बघत होती, लेक बघत होती, मेव्हणाही पिशवीतून डोकं वर काढून बघत होता. सरांनी शेवटच्या बटणाला चौथा वेढा घातला, गाठ मारली आणि दोरा दातानं तोडला.

"मॅडम," त्यांनी नम्रपणे विचारलं, "माशांना बटणं पुढून की मागून?"